‘कायम कंटिन्युअस’ या सल्ल्याचा प्रतिवाद

मोटारी आणि मोटरसायकलींच्या शर्यतींचे छायाचित्रण शिकवताना ऑटोफोकसबद्दल बहुतेक ठिकाणी एकच सल्ला दिला जातो. विषय वेगवान आहे, म्हणून मोड कंटिन्युअस ठेवावा, म्हणजे कॅननमध्ये सर्वो आणि निकॉन किंवा सोनीमध्ये एएफ-सी. फोकसचे क्षेत्र मोठ्यात मोठे घ्यावे, वाहन ओळखण्याची सोय चालू करावी आणि पुढचे कॅमेऱ्यावर सोपवावे. सिंगल मोड इमारती आणि समूहफोटो यांच्यापुरता, अशी पुस्तीही सोबत असते. या सल्ल्याच्या मुळाशी एक चुकीचे गृहीतक आहे: गाडी जितकी वेगवान, तितके फोकसचे काम अवघड. लेन्सला गाडीचा वेग कळत नाही. लेन्सपासून गाडीचे अंतर किती झपाट्याने बदलते आणि त्या बदलाचा दर किती स्थिर राहतो, एवढ्या दोनच गोष्टींशी ऑटोफोकसला कर्तव्य असते. मोडची निवड या दोन गोष्टींवरून झाली पाहिजे आणि ती ट्रॅकवरच्या प्रत्येक जागेला वेगळी असू शकते.

ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. सरळ पट्ट्याच्या टोकाशी उभे राहिल्यावर गाडी समोरून अंगावर येते, तेव्हा हा सगळा वेग अंतर घटवण्यातच जातो. तीच गाडी त्याच वेगाने आडवी निघून जाते, तेव्हा ती ऐन समोर असतानाच्या क्षणी अंतर बदलण्याचा दर शून्य असतो. गाडीचा वेग तोच, पण फोकसच्या दृष्टीने ही दोन टोके आहेत. पहिल्या जागी कॅमेऱ्याने अंतर सतत मोजत राहणे अपरिहार्य आहे. दुसऱ्या जागी त्याने फोकसला हात न लावणे बहुधा अधिक चांगले.

पहिल्या जागेबद्दल वाद नाही. पूर्ण फ्रेमचा सेन्सर, ४०० मिलिमीटरची लेन्स आणि एफ/२.८ ॲपर्चर घेतले, तर ३० मीटरवरची डेप्थ ऑफ फील्ड प्रचलित मापाने जेमतेम ९५ सेंटिमीटर भरते. ताशी ३०० किलोमीटरने येणारी गाडी एवढे अंतर सेकंदाच्या नव्वदाव्या भागाच्या आसपास पार करते. डीएसएलआरमध्ये बटण पूर्ण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत सुमारे ५० मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात गाडी चार मीटर पुढे आलेली असते. सिंगल मोडने गाडी जिथे होती तिथला फोकस पकडलेला असतो. त्या जागी आता फक्त डांबर उरलेले असते. ही अडचण उत्पादकांनी फार लवकर ओळखली. मिनोल्टा ७००० ने १९८५ मध्ये ऑटोफोकसचा एसएलआर घराघरांत नेला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस अंतराच्या लागोपाठ मोजणीवरून विषयाची पुढची जागा काढून लेन्स आधीच तिथे नेणारे कॅमेरे बाजारात आले. आजचा प्रत्येक कंटिन्युअस मोड याच भाकितावर चालतो.

भाकिताला मात्र आधीची नोंद लागते, आणि सरसकट सल्ला देणारे नेमके हेच सांगत नाहीत. लेन्सच्या आतली फोकसची हालचाल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. गाडीचा वेग कायम असला, तरी १२० मीटरवर लेन्सला जितक्या गतीने सरकावे लागते त्याच्या सोळापट गतीने ३० मीटरवर सरकावे लागते. रेल्वे फाटकाशी उभे असताना लांबची गाडी बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखी दिसते आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम धडधडत अंगावरून जाते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून समोरून येणारी गाडी दूर असतानाच, लेन्सची हालचाल अजून संथ असतानाच पकडली पाहिजे. त्यानंतर शटर न दाबता निदान एक-दोन सेकंद तिला फोकस पॉइंटखाली धरून ठेवावे लागते. गाडी हव्या त्या जागी आल्यावर कॅमेरा उचलून थेट बर्स्ट सोडणाऱ्याचा मोड कंटिन्युअस असला, तरी त्याच्या पहिल्या फ्रेम मऊ येतात. त्या वेळी कॅमेऱ्याकडे भाकितासाठी काहीच सामग्री नसते. मोड बरोबर निवडून वापर चुकला, तर दोष मोडच्या माथी जातो.

भाकीत आणखी एका ठिकाणी चुकते आणि तिथे चुकीची कल्पना अधिक खोल आहे. एकसारख्या वेगाने जाणारी गाडी कॅमेऱ्यासाठीही एकसारखीच असते, असे मानले जाते. ट्रॅकच्या कडेपासून ३० मीटरवर उभ्या असलेल्या छायाचित्रकारासमोरून गाडी ताशी २०० किलोमीटरने आडवी गेली, तर अंतर आधी घटते, समोर येताच क्षणभर थांबते आणि मग वाढू लागते. घटण्यापासून वाढण्याकडे होणारे हे वळण गुरुत्वाकर्षणाच्या दहापटीहून थोडे जास्त त्वरण इतके तीव्र असते. फॉर्म्युला वनची गाडी करकचून ब्रेक लावते, तेव्हा तिचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचपट दराने घटतो. म्हणजे ब्रेकला स्पर्शही न केलेली गाडी, केवळ समोरून गेल्यामुळे, लेन्सच्या दृष्टीने सर्वांत जोरदार ब्रेकिंगच्या दुप्पट कठीण ठरते. भाकीत आधीच्याच गतीवर एक दशांश सेकंद चालू राहिले, तरी अर्ध्या मीटरची चूक होते. ॲपर्चर मोठे असेल, तर हेल्मेटवरचा फोकस घालवायला तेवढी पुरेशी आहे.

खेळाच्या नावावरून मोड ठरवण्याची पद्धत म्हणूनच टिकत नाही. कॅननने २०१२ मध्ये ईओएस-१डी एक्स आणि ५डी मार्क ३ या कॅमेऱ्यांत ट्रॅकिंगच्या सहा ‘केस’ दिल्या. त्यांतल्या चौथ्या केसखाली, अचानक वेग बदलणाऱ्या विषयांसाठी म्हणून, फुटबॉल आणि बास्केटबॉलसोबत मोटरस्पोर्टचे उदाहरण होते. तेव्हापासून कितीतरी छायाचित्रकारांनी शर्यतीच्या सकाळी चौथी केस लावली आणि संध्याकाळपर्यंत तिला हात लावला नाही. एकाच ट्रॅकवर ब्रेकिंगची जागा असते, लांब आणि समगतीचा वळसा असतो, चढावरून एकदम समोर येणारा कोपरा असतो आणि आडवा सरळ पट्टाही असतो. या चारही ठिकाणी अंतर वेगळ्या रीतीने बदलते. मोटरस्पोर्ट या नावात यांतली एकही गोष्ट येत नाही. पुढे २०२० च्या १डी एक्स मार्क ३ मध्ये केस चारच उरल्या आणि कॅमेऱ्याने स्वतः निवड करायची स्वयंचलित केस जोडली गेली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

याच मेनूतल्या ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटीबद्दलचा गैरसमज तर जवळपास सार्वत्रिक आहे. गाडी वेगवान, म्हणून सेन्सिटिव्हिटी जास्तीत जास्त, असा हिशेब केला जातो. या सेटिंगचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. मध्ये दुसरे काही आले, तर कॅमेऱ्याने धरलेला विषय किती लवकर सोडायचा, एवढेच ते ठरवते. ते चढवून ठेवले की कॅमेरा कुंपणाचा खांब, मार्शलचा झेंडा किंवा शेजारून निघालेली दुसरी गाडी यांच्यावर तत्परतेने उडी मारतो. ट्रॅकवर मध्ये येणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात, म्हणून सेन्सिटिव्हिटी बहुधा कमीच हवी. एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर मुद्दाम जायचे असेल, तर बोट उचलून पुन्हा दाबणे पुरते.

पॅनिंगमध्ये सरसकट सल्ला सर्वांत जास्त फसतो. चाके फिरताना आणि मागची गर्दी रेषांसारखी ओढली गेलेली दिसावी, म्हणून शटर १/६० किंवा त्याहून संथ ठेवले जाते. भर दुपारी आयएसओ १०० वर १/६० ठेवले, तर योग्य प्रकाशासाठी ॲपर्चर एफ/१६ च्या पलीकडे न्यावे लागते. २०० मिलिमीटरची लेन्स एफ/१६ वर ५० मीटरवर लावली, तर साधारण ३१ मीटरपासून १२५ मीटरपर्यंतचे सगळे प्रचलित मापाने शार्प येते. फोटो मोठा छापायचा म्हणून माप दुप्पट कडक केले, तरी गाडीच्या दोन्ही बाजूंना कित्येक मीटर शिल्लक राहतात. अशा वेळी ऑटोफोकसला करण्यासारखे काही नसते, उलट बिघडवण्यासारखे पुष्कळ असते. फोकस पॉइंट गाडीवरून घसरून मागच्या जाहिरातीच्या फलकावर गेला की कंटिन्युअस मोड इमानाने लेन्स तिकडे नेतो. ट्रॅकवरच्या त्या रेषेवर एकदा फोकस लावून तो तसाच ठेवणे इथे अधिक सुरक्षित आहे. त्यात आणखी एक भर आहे. काही मिररलेस कॅमेऱ्यांत ॲपर्चर एफ/११ पेक्षा लहान केले की वेगवान बर्स्टमध्ये फोकस पहिल्या फ्रेमवरच थांबतो. मेनूत कंटिन्युअस दिसत असते आणि प्रत्यक्षात काम सिंगलचे होत असते. पॅनिंगचे यश कंटिन्युअस मोडला देणाऱ्यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत ही ओळ आहे का, ते पाहावे.

आधीच फोकस लावून ठेवणे, म्हणजे प्री-फोकस, ही जुन्या काळची तडजोड होती आणि आता तिची गरज नाही, असाही एक आक्षेप असतो. ती तडजोड होती हे खरेच. जर्मनीचे राइनर श्लेगेलमिल्ख यांनी १९६२ पासून शर्यतींची छायाचित्रे काढली. म्हणजे पहिली दोनहून अधिक दशके ते आणि त्यांचे समकालीन हातानेच फोकस करत होते, कारण दुसरा पर्याय नव्हता. गरज संपली की नाही, हे मात्र पिढीवरून ठरत नाही. मोनॅकोच्या हॉटेलाजवळचे केसाच्या पिनेसारखे वळण फॉर्म्युला वनमधले सर्वांत संथ वळण आहे. तिथे गाड्या ताशी ५० किलोमीटरच्या आसपास येतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. वर सांगितलेली ९५ सेंटिमीटरची पट्टी पार करायला अशा गाडीला सेकंदाचा चौदावा-पंधरावा भाग लागतो. सेकंदाला २० फ्रेम काढणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातली किमान एक फ्रेम मिळणारच, आणि ॲपर्चर एफ/५.६ केले तर दोन-तीन. ताशी ३०० किलोमीटरच्या पट्ट्यावर हाच प्रयोग जुगार ठरतो, कारण दोन फ्रेमच्या मधल्या वेळात गाडी चार मीटर सरकते आणि शार्प फ्रेम मिळण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच राहते. तंत्र जुने की नवे, या प्रश्नाने इथे काही ठरत नाही. वळणावरची गती आणि डेप्थ ऑफ फील्ड यांचे गुणोत्तर ते ठरवते.

काही जागी तर प्री-फोकसला पर्यायच नसतो. बेल्जियमच्या स्पा सर्किटवर राडियोंच्या चढाच्या माथ्यावरून गाडी एकदम समोर येते. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०२४ साली सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या. तशा शर्यतीत मोटरसायकल मातीच्या उंचवट्यामागून हवेत उडते आणि उड्डाण संपेपर्यंतचाच वेळ हाती असतो. नाशिक परिसरातल्या रॅलीत गाडी वळणाआडून धुळीचा लोट घेऊन बाहेर पडते. या तिन्ही ठिकाणी विषय दिसल्यापासून फोटोच्या क्षणापर्यंतचा काळ भाकिताला लागणाऱ्या काळापेक्षा कमी असतो. विषय कुठे येणार हे मात्र नक्की ठाऊक असते, कारण प्रत्येक स्वार थोड्याफार फरकाने त्याच ओळीने उडतो किंवा वळतो. सरावाच्या फेरीत ती जागा हेरून तिथल्या मातीवर किंवा पट्टीवर फोकस लावावा, ॲपर्चर थोडे लहान करावे आणि वाट पाहावी. काही निकॉन डीएसएलआरमध्ये याची पुढची पायरीही जमते: सिंगल मोड, फोकसला प्राधान्य आणि फोकस फक्त मागच्या बटणावर अशी जुळवणी केली की शटर दाबून धरल्यावर विषय फोकसच्या जागी येतो त्याच क्षणी फोटो निघतो. ज्याला पुतळ्यांचा मोड म्हणून बाजूला सारले जाते, त्याच मोडचे हे काम आहे.

यावर कंटिन्युअसच्या समर्थकांकडे एक उत्तर आहे आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिला, तर कंटिन्युअस मोड कधीच बदलावा लागत नाही, असे ते म्हणतात. अंगठा दाबलेला असेतो कॅमेरा गाडीमागे जातो, अंगठा उचलला की फोकस तिथेच थांबतो. ही पद्धत उत्तम आहे आणि शर्यतीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती शिकावी. पण ती सरसकट सल्ल्याच्या बाजूने साक्ष देत नाही. अंगठा उचलला त्या क्षणी मोड सिंगलच झालेला असतो. निर्णय टळला नाही, तो मेनूतून अंगठ्याकडे आला. केव्हा उचलायचा हे ठरवायला अंतर कसे बदलते ते कळावेच लागते. दोन्हींमधला निर्णय कॅमेऱ्यावर सोडणारा तिसरा मोड, एएफ-ए किंवा एआय फोकस, शर्यतीत वापरू नये. विषय हलतो आहे हे ओळखून मोड बदलण्यात तो जो वेळ घालवतो, तो इथे परवडत नाही.

आता वाहन ओळखण्याची सोय. कॅननचा आर३ आणि निकॉनचा झेड९, दोन्ही २०२१ चे, मोटारी आणि मोटरसायकली स्वतः ओळखतात आणि फ्रेमभर त्यांचा माग ठेवतात. मोकळ्या ट्रॅकवर एकटी गाडी समोरून येत असेल, तर ही सोय माणसाच्या हाताहून चांगले काम करते. फोकस पॉइंट गाडीवर धरून ठेवण्याची कसरत वाचते आणि छायाचित्रकाराला रचनेकडे लक्ष देता येते. ज्यांनी पूर्वी एकाच मधल्या पॉइंटवर दिवस काढले, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. पण ओळखणे आणि निवडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शर्यतीच्या सुरुवातीला वीस गाड्या एकाच फ्रेममध्ये असतात आणि त्या सगळ्या गाड्याच असतात. बातमी मात्र चौथ्या क्रमांकावरून आत घुसणाऱ्या गाडीत असू शकते. कॅमेरा मोठी, जवळची किंवा मध्याजवळची गाडी घेतो. त्याला शर्यत कळत नाही.

गाडीच्या कोणत्या भागावर फोकस पडतो, हाही प्रश्न उरतो. फॉर्म्युला वनच्या गाडीचे नाक आणि चालकाचे हेल्मेट यांच्यात दोन मीटरहून जास्त अंतर असते. समोरून एफ/२.८ वर घेतलेल्या जवळच्या फोटोत दोन्ही शार्प येणे शक्यच नाही. मोठे क्षेत्र जवळच्या वस्तूकडे झुकते, म्हणून पुढचा पंख लख्ख येतो आणि हेल्मेट विरघळते. २०१८ पासून हेल्मेटसमोर हेलोचा, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक चौकटीचा, मधला खांबही आला आहे. हेल्मेट ओळखणारे कॅमेरे हा प्रश्न बऱ्याच वेळा सोडवतात, प्रत्येक वेळी नाही. जिथे एक मीटरची चूक चालणार नाही, तिथे एकच लहान पॉइंट हेल्मेटवर धरणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

धुराची आणि तारेच्या कुंपणाची गोष्टही अशीच. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सबास्टियन फेटेलने फॉर्म्युला वनचे सलग चौथे विजेतेपद पटकावल्यावर मुख्य सरळ पट्ट्यावर गाडी गोल गोल फिरवली आणि टायरच्या धुराने तिला वेढून टाकले. अशा धुरात कॅमेरा कधी धुराची कड धरतो, कधी गाडी. गाडी जागच्या जागी फिरत असल्याने तिचे अंतर फारसे बदलत नाही. धूर विरळ होताच एकदा फोकस लावून तो कायम ठेवण्याची ही वेळ असते. वेगवान गाडी दिसली म्हणून कंटिन्युअस चालू ठेवण्याची नव्हे. प्रेक्षक म्हणून तिकीट काढून आलेल्याला तर प्रत्येक फोटो कुंपणाच्या जाळीतून काढावा लागतो. मोठे क्षेत्र तिथे सर्वांत जवळची गोष्ट, म्हणजे जाळीच धरते. एकच पॉइंट, ॲपर्चर शक्य तितके मोठे, लेन्स जाळीच्या जवळ आणि लेन्सवर असेल तर फोकस लिमिटरचा खटका दूरच्या पल्ल्यावर, एवढे केले की जाळी फोटोतून जवळजवळ नाहीशी होते. वाहन ओळख चालू आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

शर्यतीहून परतल्यावर न जमलेले फोटो सरसकट ऑटोफोकसच्या नावावर टाकले जातात. मोड बदलण्यापूर्वी फोटो नीट वाचता आला पाहिजे. गाडीच्या पुढची किंवा मागची डांबराची एखादी पट्टी शार्प असेल, तर चूक फोकसची. फोटोत काहीच शार्प नसेल किंवा सगळे एकाच दिशेने ओढले गेले असेल, तर पॅनिंगचा वेग गाडीशी जुळला नाही किंवा हात हलला. जवळून संथ शटरवर घेतलेल्या पॅनमध्ये हेल्मेट शार्प आणि गाडीची दोन्ही टोके हललेली दिसतात, कारण गाडीचे सगळे भाग लेन्सभोवती सारख्या कोनीय वेगाने फिरत नाहीत. तो दोष नाही, भूमिती आहे. कोणत्याही मोडने ती बदलत नाही.

भारतात उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपी भारतची मुख्य शर्यत उष्म्यामुळे काही फेऱ्यांनी कमी करावी लागली. त्या तापमानात डांबरावरची हवा थरथरते आणि ४०० किंवा ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून दीडशे-दोनशे मीटरवरची गाडी पाण्याखाली असल्यासारखी दिसते. फोकस बरोबर असूनही प्रत्येक फ्रेम मऊ येते, आणि तक्रार मात्र ट्रॅकिंगबद्दल होते. अशा दुपारी ऑटोफोकसचा मेनू उघडू नये. ट्रॅकच्या जवळची जागा शोधावी, नाहीतर दूरचे फोटो सकाळच्या सत्रातच उरकून घ्यावेत.